नामू म्हणणारी

माझे वडील गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी सकाळी फिलान कुंभारीण त्यांचा अंगरखा घालून अंगणात आली. डोक्यावर त्यांची गोल टोपी, पायात त्यांच्या चपला, हातात त्यांची काठी. खुंटीवरून तिनं हे सगळं केव्हा काढून नेलं ते आम्हा कुणालाच कळलं नव्हतं. अंगरखा तिला इतका मोठा होत होता की चालताना ती तो एका हातानं उचलून धरत होती.

लोहार-कुंभारांचं आणि आमचं थट्टेचं नातं आहे. आमच्याकडे मयत झालं की ते हसवायला येतात. त्यांनी चेष्टा केली नाही, तर गेलेल्या माणसाची किंमत कमी होते. आम्हीही त्यांच्याकडे जाऊन तेच करतो. त्यामुळे सावरीच्या झाडाखाली चटयांवर बसलेली माणसं तिला पाहताच सरसावून बसली.

"काय गं चवळीखाऊ," आम्हाला चिडवायचं त्यांचं ठरलेलं नाव घेत ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तोंड काय पाडलंयस? बाप मेला म्हणून? मेलाबिला काही नाही तो. ऐंशी वर्षं बडबडून दमलाय, पडलाय झोपून."

"फिलान, काठी तरी ठेव खाली. मोडशील," बाल्लाची बायको म्हणाली. बाल्ला माझा चुलतभाऊ.

"मोडत नाही. त्याच्या जिभेपेक्षा मजबूत आहे."

लोक हसले. मग तिनं काठी जमिनीत रोवली, डावा हात पाठीमागे घेतला आणि मान किंचित उजवीकडे कलती केली. बाबा असेच उभे राहायचे. 

"ऐका हो ऐका," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "फासिनेचा पोरगा कोमांजान. कोमांजानचा पोरगा... पोरगा..." तिनं डोकं खाजवलं. काठी उचलून तिच्याखाली पाहिलं. शेजारी बांधलेल्या बकरीची शेपटी वर करून पाहिलं. "इथंच ठेवला होता गं, कुठं गेला मेला?" बायका हसून लोळायच्या बाकी होत्या. मग तिनं कंबर वाकवली आणि रडक्या आवाजात म्हणाली, "विसरलो. म्हातारा झालो मी."

अशा वेळी घरच्यांनी हसायचं असतं आणि साबणाची वडी नाहीतर मानाचं, चघळायचं कोलाचं फळ देऊन तिला गप्प करायचं असतं. मी हसले. आत जाऊन साबणाच्या दोन वड्या आणल्या आणि तिच्या हातात ठेवल्या. परत वळताना पाहिलं तर मधल्या चटईवर बसलेले नान्कोमानकाका उठत होते. गावात ते सगळ्यांत वयस्क. त्यांच्या घराण्याची नावं आमच्या घरानं सात पिढ्या सांभाळली. ते हसले नव्हते.

"नान्तेनिन," ते म्हणाले, "जरा माझ्याबरोबर चल."

ते काय बोलले हे सांगण्याआधी दोन वर्षांपूर्वीचं लग्न सांगायला हवं, आणि त्याच्याही आधीचं थोडं.

या गोष्टीत मी माणसांची आणि गावांची नावं बदलली आहेत. एक नाव मात्र बदलूनसुद्धा लिहीत नाही.

आम्ही जेली. दुसऱ्यांच्या घराण्यांचा इतिहास जिभेवर सांभाळायचा आणि बारशाला, लग्नाला, मयताला तो उभं राहून सांगायचा, हे आमच्या घराचं काम. पुरुष सांगतात, बायका गातात. सांगणाऱ्याच्या शेजारी एकजण बसतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर म्हणतो, "नामू." म्हणजे हो, ऐकलं, खरं आहे, पुढे सांग. नामू म्हणणारा नसला की जेलीला पुढचं वाक्य उचलताच येत नाही. परक्यांना हे पटत नाही. कांकानला मी ज्या शाळेत शिकवते तिथल्या शिक्षकांना सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे टाळ्यांसारखं. टाळ्यांसारखं नाही ते. टाळ्या बोलणं संपल्यावर वाजतात.

मी आठ वर्षांची असताना बाबा दुपारी ओसरीवर सराव करायचे. माझा भाऊ सेकुबा त्यांचा खरा शिष्य, पण तो दुपारी नदीवर पळायचा. मग ते मला हाक मारायचे. "ये, बस. नामू म्हण."

"किती वेळ?"

"मी थांबेपर्यंत."

सांगता सांगता ते कधी मुद्दाम, कधी चुकून एखादं नाव गाळायचे. पहिल्यांदा मी ओरडले, "बाबा, तुम्ही ब्रेमाच्या आधीचा विसरलात." ते रागावले. म्हणाले, "जेलीला कुणी नाव सुचवत नाही. चूक दिसली तर गप्प राहा. नामू आला नाही की मला कळेल. मी मागे जाऊन शोधीन."

हा नियम मी अंगात मुरवला. कितीतरी दुपारी माझ्या गप्प राहण्यानं ते थबकले, डोळे मिटून मागे गेले आणि सुटलेलं नाव घेऊन परत आले. परत आले की माझ्याकडे बघून भुवई उडवायचे. लहानपणी त्यांनी माझं दुसरं काही कौतुक केल्याचं मला आठवत नाही. चारचौघांत नामू कसं म्हणतात, हे मात्र त्यांनी मला कधी शिकवलं नाही. चारचौघांत मी बसणारच नव्हते. तिथं आधी सेकुबा बसायचा. तो समुद्रापलीकडे वाद्य वाजवायला गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हापासून बाल्ला बसायचा.

दोन वर्षांपूर्वी नान्कोमानकाकांच्या नातीचं, माकुराचं लग्न ठरलं. सासर नदीपलीकडचं, आमचा त्या गावाशी पहिल्यांदाच संबंध येत होता. नवरा मुलगा शेतकी खात्यात होता, पोरीनं स्वतः निवडलेला. व्याही आले की मुलीकडच्या जेलीनं उभं राहून तिचं घराणं सांगायचं, मुलाकडच्यानं त्यांचं. त्यांचा जेली सायोन, बाबांपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण दोन्ही काठांवर नावाजलेला.

आदल्या दिवशी बाल्लाला मलेरियानं अंथरुणाला खिळवलं. मी सुट्टीत घरी होते.

"तुला येतं ना सगळं?" बाबांनी सकाळी विचारलं. नान्कोमानकाका नुकतेच त्यांना भेटून गेले होते. ओसरीवर कोलाची फळं ठेवलेली दिसत होती.

"येतं."

"मग तूच बस. लोक काय म्हणायचं ते म्हणोत." निघताना अंगरखा नीट करत ते परत म्हणाले, "आज फक्त नामू म्हण. दुसरं काही नको."

मला वाटलं, बाईमाणूस चारचौघांत बसणार म्हणून सांगताहेत. फार बोलू नकोस, असं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या वर्षी बाबा मला दोनदा आईच्या नावानं हाक मारून बसले होते. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. एकदा त्यांनी तपकिरीची डबी साखरेच्या बरणीत ठेवली आणि दिवसभर शोधली. मी वाचणारी बाई आहे. म्हातारपणी आठवण कशी कशी जाते, आधी काय जातं आणि शेवटी काय उरतं, याबद्दल मी मिळेल ते वाचलं होतं. आणि वाट पाहत बसले होते म्हणायला हरकत नाही.

सावरीखाली दोन्ही गावं बसली. बाबा उभे राहिले. काठी रोवली, मान कलती केली.

"फासिने, नदीच्या उगमाकडून आला."

"नामू."

"फासिनेचा कोमांजान. त्यानं पहिली विहीर खणली."

"नामू."

"कोमांजानचा ब्रेमा."

मी गप्प राहिले.

कोमांजानचा ब्रेमा नव्हे. मध्ये एक नाव आहे. ब्रेमा त्याचा मुलगा. हजार वेळा ऐकलेलं नाव. माझ्या मनात एवढंच आलं की अखेर ते झालं, नावं जायला लागली, आणि आता त्यांना सावरणारी इथं फक्त मी आहे. मी ओठ मिटून घेतले आणि ते मागे जाऊन शोधतील याची वाट पाहू लागले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा म्हणाले, सावकाश, "कोमांजानचा ब्रेमा."

मी दुसऱ्यांदाही गप्प राहिले.

समोरच्या चटईवर सायोननं खाली घातलेली मान वर केली. बायकांच्या बाजूची कुजबुज थांबली. नान्कोमानकाका जमिनीकडे बघत होते. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. ओसरीवरच्या दुपारींसारखे ते आता डोळे मिटतील असं मला वाटलं, पण त्यांनी मिटले नाहीत. त्यांनी काठी जमिनीतून उपटली.

"विसरलो," ते म्हणाले. "म्हातारा झालो मी." आणि खाली बसले.

जेलीनं चारचौघांत विसरलो म्हणणं म्हणजे काय, ते मी इथं समजावून सांगू शकणार नाही. वीस गावांत कुणी ते ऐकलेलं नव्हतं. बाल्लाच्या बायकोला सुचलं म्हणून तिनं गाणं सुरू केलं, बाकीच्या बायका तिच्या मागे गायल्या, भात आला, लग्न लागलं. व्याह्यांनी मोठ्या मनानं विषय काढला नाही. सायोननं आपलं घराणं सांगितलं, तेही आवाज खाली ठेवून, दुसऱ्याला अजून कमी वाटू नये म्हणून.

घरी आल्यावर मी बाबांच्या पायाशी बसले. म्हटलं, "चुकलं माझं. मी नामू म्हणायला हवं होतं."

ते चपलेचा पट्टा काढत होते. "जसं शिकवलं तसं केलंस," एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते कुठंही उभे राहिले नाहीत. बोलावणी यायची, बाल्ला जायचा. बाल्लाला अर्धंच येतं, हे तो स्वतःच सांगतो. बारशांना लोक बाबांना आधी मानानं न्यायचे, मग नुसतं जेवायला, मग तेही कमी झालं. विहिरीवर बायका एकमेकींना, मीठ कुठं ठेवलं ते आठवलं नाही की, म्हणायच्या, लान्फियासारखं झालं गं माझं. लान्फिया म्हणजे बाबा.

मी कांकानच्या डॉक्टरकडे गेले, सगळी लक्षणं सांगितली. त्यानं आठवणीच्या गोळ्या लिहून दिल्या. दर महिन्याला मी पट्ट्या घेऊन गावी यायचे. बाबा सकाळी माझ्यासमोर गोळी तोंडात टाकायचे, पाणी प्यायचे, तोंड उघडून दाखवायचे. हे त्यांनी मुलांसारखं केलं की मला हसू यायचं. दुपारी मात्र ते फार झोपायला लागले. मी ते आजाराच्या खात्यात टाकलं.

तीनदा मी फोनवर त्यांचं बोलणं साठवून घ्यायचा प्रयत्न केला. त्यांच्याजवळ जे होतं ते माझ्याजवळच्या नावांच्या यादीच्या कितीतरी पलीकडचं होतं: कुठल्या विहिरीला कुणी काय नाव दिलं, कुठल्या लढाईत कोण पाठ दाखवून पळाला, कुणाची आई खरी कुठली. नावं म्हणजे नुसती खुंटी, त्यावर काय टांगलेलं आहे ते त्यांनाच माहीत होतं.

"बाबा, जेवढं आठवेल तेवढं सांगा."

"आठवत नाही."

"एखादं तरी."

"विसरलो म्हटलं ना, पोरी. किती वेळा विसरायला लावतेस?"

एकदा भर दुपारी मी बकऱ्यांच्या गोठ्यामागून जात होते. आतून त्यांचा आवाज आला. पूर्वीचा, भरलेला. फासिनेचा कोमांजान, कोमांजानचा तो, आणि त्याचा ब्रेमा. नाव जागच्या जागी होतं. पुढची सगळी होती, आणि नावांवर टांगलेलंही सगळं होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मी वाचलं होतं की या आजारात मधूनच असे स्वच्छ तास येतात. मी फोन आणायला धावले. परत आले तेव्हा ते पाला तोडत होते.

"आत्ता म्हणत होतात ना तुम्ही?"

"मी? बकरीला शिव्या देत होतो."

बाबा एका मंगळवारी गेले, दुपारच्या नमाजानंतर, चटईवर. मी रविवारीच कांकानला परतले होते. निरोप आला आणि मी पोचले तोवर त्यांना नेलेलं होतं.

आता नान्कोमानकाका.

ते मला त्यांच्या घरामागे घेऊन गेले, जिथं कणगीची सावली पडते. स्वतः उखळावर बसले. मी उभीच राहिले.

"तुझा बाप काही विसरला नव्हता," ते म्हणाले.

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"लग्नाच्या सकाळी मी त्याच्याकडे गेलो होतो. कोलाची फळं घेऊन. त्याला म्हटलं, आज एक नाव गाळ." त्यांनी ते नाव घेतलं. "तो आमच्या पणजोबांचा बाप. लढायांच्या काळात त्यानं नदीपलीकडच्या एका गावातली एक्केचाळीस माणसं धरली आणि नदीच्या खालच्या अंगाला गुलाम म्हणून विकली. बायका, पोरं सगळी. ते गाव कुठलं, ते तुला आता कळलं असेल."

"माकुराचं सासर."

"त्यांच्याकडे ते नाव अजून घेतात. पोरांना घाबरवायला घेतात. पण तो माणूस कुठल्या गावचा, कुणाचा कोण, हे त्यांना माहीत नाही. माहीत झालं असतं तर म्हातारी माणसं चटई झटकून उठून गेली असती सगळी. पोरगी त्या पोरावर जीव टाकत होती. मी काय करणार होतो?"

"बाबा काय म्हणाले?"

"आधी नाही म्हणाला. म्हणाला, नान्कोमान, मी नाव गाळत नाही, तू माझ्याकडून मेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा मारवतोयस. मी तीनदा विनवलं. मग म्हणाला, पोरीच्या संसारासाठी, एकदाच."

कणगीवर कोंबडी चढून बसली होती. काकांनी तिला काठीनं हाकललं, ती पलीकडे जाऊन परत चढली.

"आणि मी गप्प राहिले," मी म्हटलं.

"तू गप्प राहिलीस. त्याला दोनच रस्ते होते. नाव घ्यायचं, नाहीतर विसरायचं. तिसरा कुठं होता? नामूशिवाय पुढे गेला असता तर सायोनच्या कानाला खाच लगेच कळली असती. विसरणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल मात्र कुणी शंका घेत नाही, कीव करतं."

"आणि तुम्ही दोन वर्षं ऐकत बसलात. विहिरीवरचं. बारशांचं."

"बसलो."

"काका."

"बोल, बोल. शिव्या दे. मी दोनदा उठलो होतो सांगायला. एकदा तर मशिदीबाहेर सगळे जमले होते. त्यानं माझा हात धरला. म्हणाला, ज्या दिवशी तू सांगशील, त्या दिवशी माझं विसरणं फुकट जाईल."

मी खाली बसले. जमीन तापलेली होती.

"मी त्यांना गोळ्या देत होते," मी म्हटलं.

"माहीत आहे. दाखवायचा मला. म्हणाला, झोप फार येते यांनी, डोकं जड होतं. मी म्हटलं, टाकून दे ना कोंबड्यांना. तर म्हणाला, पोरगी पगारातून आणते, आणि घेतल्या नाहीत तर तिला कळेल."

"मला तरी सांगायचं होतं त्यांनी. मी कुणाला सांगितलं असतं?"

"तू सांगितलं नसतंस. तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं, मास्तरीणबाई, लहान होतीस तेव्हापासून. सायोन वर्षातून चारदा इकडे येतो. येतो आणि तुझ्याकडे बघतो. तुला काय वाटलं, कशाला येत असेल?"

मला काही वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, आजाऱ्याची विचारपूस.

काका काठीच्या टोकानं मातीत रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "आज सायोन त्याच्याबद्दल सांगणार. जे आज सांगितलं जाईल ते कायमचं. तुझ्या नातवंडांच्या बारशाला तेच सांगतील. मघाशी फिलानचं ऐकलं आणि मला वाटलं, बस झालं. मी उठून बोलतो. माझं आता काय राहिलंय? पण त्याचा हात धरायला तो नाही, म्हणून तुला विचारतोय. तू म्हणशील ते करतो."

 आतून मुसळाचे आवाज येत होते. माकुरा कणगीच्या बाजूनं आली, पाठीला वर्षाचं मूल बांधलेलं, हातात टोपली. माहेरच्या जेलीचा चाळिसावा म्हणून नवऱ्यासकट आली होती.

"आत्या, तुम्ही इथं? शेंगदाण्याच्या कालवणात मीठ कोण घालणार? बाल्लाकाकी म्हणते नान्तेनिनला विचार, मी घातलं तर लोक दुसऱ्या मयताला येतील."

"येते," मी म्हटलं.

"रडलात का?"

"धूर गेला डोळ्यात."

तिनं इकडेतिकडे पाहिलं. तिथं कुठंही चूल नव्हती. ती टोपली घेऊन आत गेली. मुलाचं डोकं तिच्या पाठीवर डुलत होतं.

दुपारच्या नमाजानंतर, जेवणं झाल्यावर सगळे पुन्हा सावरीखाली बसले. जेलीचा चाळिसावा घरचा कुणी सांगत नाही, बाहेरगावचा जेली सांगतो. सायोन उभा राहिला. बाल्ला त्याच्या शेजारी बसायला पुढे झाला.

"तू नको," सायोन म्हणाला. "ही बसेल. हिला मी एकदा ऐकलंय."

काही लोक हसले, काहींनी माना खाली घातल्या. बाल्ला माझ्याकडे बघत बाजूला झाला. मी डोक्यावरची ओढणी कपाळावर पुढे ओढली आणि सायोनच्या पायांशी जाऊन बसले. त्याच्या चपलांना नदीचा चिखल वाळून चिकटलेला होता.

त्यानं माझ्या आजोबांपासून सुरुवात केली. चांगला सांगतो सायोन. बाबा म्हणायचे, थोडा मसाला जास्त घालतो, पण शिजवतो नीट.

"करामोचा लान्फिया."

"नामू."

"ज्यानं दोन गावांच्या विहिरीचं भांडण एका सकाळीत मिटवलं."

"नामू."

"ज्यानं सेकुबाला वाजवायला शिकवलं आणि जाऊ दिलं."

"नामू."

"ज्याच्या बायकोचा आवाज नदीपलीकडे आम्हाला ऐकू यायचा, आणि ती गेल्यावर ज्यानं दुसरी आणली नाही."

"नामू."

नान्कोमानकाका समोर बसले होते. दोन्ही हात काठीवर. मी मान हलवली तरी ते उठणार होते. त्यांचं अंग तसं पुढे झुकलेलं होतं. फिलान अजून बाबांच्या अंगरख्यातच होती. बायकांत बसून कुणाच्या तरी पोराला कोला चघळायला शिकवत होती. माकुरा भांडी घासायची सोडून ऐकायला आली होती. तिचा नवरा शेजारी उभा राहून मुलाच्या तोंडावरची माशी वारत होता.

सायोननं श्वास घेतला.

"ज्याच्या जिभेवर तेहतीस माणसं जिवंत होती," तो म्हणाला, "आणि म्हातारपणी ज्याच्या जिभेवरून एकजण निसटला. लान्फिया विसरला."

तो थांबला. माझ्याकडे वळून बघत नव्हता, पण त्याच्या चपला माझ्या बाजूला वळल्या होत्या.

चूक दिसली तर गप्प राहा, मी शोधीन. ओसरीवरच्या त्या सगळ्या दुपारी माझ्या जिभेवर येऊन बसल्या. हे खरं नव्हतं. माझ्या वडिलांबद्दल आज सांगितल्या जाणाऱ्या सगळ्यांत हे एकच खोटं होतं, आणि हेच सगळ्यांत जास्त दिवस टिकणार होतं. मी गप्प राहिले असते तर नान्कोमानकाका उठले असते. त्यांनी उठायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहणं सायोनला पुरलं असतं.

आज फक्त नामू म्हण, दुसरं काही नको.

"नामू," मी म्हटलं.

सायोन पुढे गेला नाही. त्यानं तेच वाक्य पुन्हा उचललं, सावकाश, जसं त्या दिवशी बाबांनी उचललं होतं. "लान्फिया विसरला."

"नामू."

त्याच्या चपला पुन्हा सरळ झाल्या. त्यानंतर बाबांच्या मरणाचं होतं, आमचं, मागे राहिलेल्यांचं होतं. प्रत्येकाला मी नामू म्हटलं. नान्कोमानकाकांकडे मी पाहिलं नाही. शेवटी दुवा झाल्या, लोक तोंडावरून हात फिरवून उठू लागले. सायोन जाताना माझ्याजवळ थांबला.

"चांगलं म्हणतेस," तो म्हणाला. "आधी वाटलं नव्हतं."

"बाबांनी शिकवलं."

"हं," तो म्हणाला, आणि नदीकडे निघाला. त्याला काय कळलं आणि काय नाही, ते मला आजही माहीत नाही.

फिलाननं टोपी आणि काठी बाल्लाकडे दिली. अंगरखा काढून घडी घालून माझ्याकडे घेऊन आली.

"घे बाई, चवळीखाऊंचा वास येतो याला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सकाळी जास्त झालं का गं?"

"नाही."

"तो असता तर त्यानं मला यापेक्षा वाईट सुनावलं असतं."

"सुनावलं असतं."

तिनं माझ्या गालावरून खरबरीत हात फिरवला, मातीचा वास येणारा, आणि गेली. मी अंगरखा खुंटीला लावायला आत नेला. खिशात काहीतरी टोचत होतं. गोळ्यांची पट्टी होती, मी शेवटच्या खेपेला आणलेली. गुरुवारी सकाळी त्यांनी ती माझ्यासमोर उघडली होती, तोंड उघडून दाखवलं होतं.

दहांतल्या चार उरल्या होत्या. मी खिडकीपाशी जाऊन बोटांवर दिवस मोजले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. रविवारी मी निघाले होते. सोमवार. आणि मंगळवारी सकाळचीही घेतलेली होती.